शुक्रवारचा पाऊस गुरुवारी

आमच्या कापूस वेचणीच्या गटात अकरा बाया. मोबाईल पाच जणींकडे, पण वाचून सांगणारी मी एकटी. बाकीच्यांचे मोबाईल पोरांच्या हातात, नाहीतर चार्जिंगला. मी बारावी झालेली. पुढं डीएडला नंबर लागला नाही, म्हणून बापानं लग्न लावून दिलं, आणि मी समुद्रपूर तालुक्यातल्या या गावात आले. शिकलेली सून म्हणून सुरुवातीला थोडा मान मिळाला. आता त्या शिक्षणाचा उपयोग एवढाच की बँकेचं पत्र, गॅसचा मेसेज आणि हवामानाचा अंदाज मी वाचून सांगते. तरी हवामानाचं काम मला आवडायचं, खोटं कशाला बोलू? कंबरेला ओटी बांधून बाया वावराच्या तोंडाशी उभ्या राहायच्या, "काय म्हणते वं तुहा मोबाईल?" विचारायच्या, आणि मी शाळेतल्या बाईसारखी सांगायची. आभाळ जसं काही माझ्याच अंगणात बांधलेलं होतं.

नवरा आर्वीच्या एसटी डेपोत कंडक्टर. तिथंच खोली करून राहतो. सुटीला येतो, जेवतो, झोपतो, आणि जाताना "वावराकडं लक्ष दे" सांगून जातो. जसं काही बाकीचे दिवस मी सिनेमे पाहत असते. तीन एकर वावर माझ्या एकटीच्या अंगावर. दोन एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि एक एकर तूर. त्या वर्षी पहिल्या वेच्याच्या ऐन तोंडावर परतीचा पाऊस बसला आणि फुटलेला कापूस झाडावरच पिवळा पडला. नवरा दिवाळीला आला तेव्हा जेवता जेवता म्हणाला, "तुझ्यानं होत नाही आता हे. पुढच्या साली मक्त्यानं देऊन टाकू." म्हणजे दुसऱ्याला कसायला द्यायचं आणि वर्षाचे ठरलेले पैसे घ्यायचे. तो वाईट बोलला नाही. माझी कंबर दुखते हे त्यालाही दिसतं. पण पंधरा वर्षं मी त्या मातीत मेले, आणि तो भाकरीचा तुकडा मोडता मोडता ती दुसऱ्याला देऊन मोकळा झाला. मी म्हटलं, "दुसरा वेचा घरात येऊ द्या, मग बोला." तेव्हापासून तो दुसरा वेचा माझ्या मानेवर बसला होता.

दुसरा वेचा आला पौषात. थंडी अशी की सकाळी पऱ्हाटीला हात लावला की बोटं बधिर व्हायची, आणि बोंडाची वाळलेली टोकं नखात शिरली तरी रक्त आल्यावरच कळायचं. कोणाच्या वावरात कोणत्या दिवशी वेचायचं हे आमच्यात आधीच ठरलेलं असतं. हंगामाच्या सुरुवातीला ज्याचं वावर पहिलं फुटतं, त्याच्याकडं सीतादही होतं. झाडाला दहीभात दाखवायचा, ओटीत पहिला कापूस घ्यायचा, आणि मग तोच दहीभात खात बसून सगळ्या आपापला नंबर सांगतात. कागद नाही, सही नाही. पण ठरलं की ठरलं. सरपंचाच्या घरचं वावर असलं तरी मध्ये घुसता येत नाही. त्यानुसार दुसऱ्या वेच्याला गुरुवार होता काकूंचा, आणि शुक्रवार माझा.

काकू म्हणजे आमच्या शेजारच्या. सख्ख्या नाहीत, पण गावातल्या सगळ्या सुनांच्या त्या काकूच. पासष्टीच्या असतील. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, लेकही गेली, तिची पोरगी यांनीच वाढवली. एक एकर वावर, माझ्या वावराला लागून. मध्ये फक्त धुरा, म्हणजे बांध, आणि धुऱ्यावर एक बाभूळ. गटात सगळ्यांत म्हाताऱ्या त्याच, आणि वेचण्यात सगळ्यांत पुढंही त्याच. आमच्या ओट्या अर्ध्या भरायच्या तोवर ही बाई गोणीत रिकामी करून परत यायची आणि वरून टोमणा मारायची, "काय वं, मेहंदी लावून आल्या का सगळ्या?"

त्या नातीचं लग्न फाल्गुनात ठरलं होतं. आमच्याकडं पोरीला कपाट द्या, कूलर द्या, काय वाट्टेल ते विकत आणून द्या. गादी मात्र घरच्या कापसाची. विकतची दिली तर सासरचे काही बोलत नाहीत, पण गावच्या बाया जन्मभर बोलतात. कापूसवाल्याच्या पोरीला विकतच्या गादीवर पाठवली म्हणे. काकूंचाही पहिला वेचा परतीच्या पावसानं पिवळा झालेला. म्हणून नातीच्या दोन गाद्या या दुसऱ्या वेच्यातून भरायच्या होत्या. गादीच्या खोळीचं कापड त्या हायवेवरच्या जाम गावातल्या दुकानातून घेऊन आल्या होत्या, निळ्या पट्ट्यांचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला घडी उलगडून दाखवायच्या. मला तीनदा दाखवलं.

मंगळवारी संध्याकाळी तालुक्याच्या शेतीवाल्या ग्रुपवर मेसेज आला. पश्चिमेकडून थंड वारे येणार, बंगालकडून ओले वारे येणार, दोघांची गाठ आपल्या डोक्यावर पडणार. शुक्रवारी दुपारनंतर विजा, वादळी वारा, पाऊस, आणि तुरळक ठिकाणी गारपीट. हे "तुरळक ठिकाणी" मला कधी समजलेलंच नाही. कोणतं ते ठिकाण, सांगा ना एकदाचं. वर्ध्यात बसून कोणाला माहीत आमचं वावर तुरळक आहे की नाही.

मी तो मेसेज चुलीपुढं बसून चार वेळा वाचला. शुक्रवार म्हणजे माझा दिवस. दोन एकर, पांढरं पांढरं फुटलेलं, आणि त्यावर गारा. भाजी करपली तरी माझं लक्ष नव्हतं. मग उठले आणि काकूंकडं गेले.

काकू ओसरीवर ओल्या तुरीचे सोले काढत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "काकू, शुक्रवारी दुपारून पाणी सांगितलं हाये. गारा बी."

"मंग?"

"तुमचा गुरुवार मले द्या. तुमचं वावर अर्ध्या दिवसाचं. शुक्रवारी सकाऊन घुसलो तं बाराच्या आत निंघते. माह्यं दिवसभराचं हाये, माह्यं नाई निंघत."

त्यांनी हातातली शेंग सोलली, दाणे ताटात टाकले. "मोबाईल पक्कं सांगते का?"

"पक्कं सांगते. दुपारून."

"मंग घे." एवढंच. मी तोंडात आणखी चार कारणं तयार ठेवली होती, ती तशीच राहिली. वर त्यांनी ओंजळभर सोले माझ्या पदरात टाकले. "भाजी कर. वाळून चालली तू. नवरा वयखणार नाई एखांद दिवशी."

मी हसले. घरी आले, करपलेली भाजी बाजूला सारली, सोल्यांची केली. त्या रात्री मला चांगली झोप लागली.

गुरुवारी पहाटे धुकं होतं. आठ वाजता ते विरलं आणि आभाळ धुतल्यासारखं निळं निघालं. बाया म्हणाल्या, "हे का पाण्याचं आभाळ हाये का?" मी म्हटलं, उद्या दुपारून पाहा. सगळ्या ओळीनं लागल्या. काकूंनी धुऱ्याकडची ओळ धरली. त्यांना तीच आवडायची. वेचता वेचता आपल्याही वावरावर नजर राहायची. पलीकडं त्यांची पऱ्हाटी माझ्याहून छान फुटली होती, हे मला आवडलं नव्हतं, तेही सांगून टाकते.

वेचणं काय असतं हे ज्यानं केलं नाही त्याला सांगून समजत नाही. दिवसभर ना धड उभं राहायचं, ना धड बसायचं. वाकलेलं. दहा वाजेपर्यंत कंबर कण्हते, बारापर्यंत शिव्या देते, आणि त्यानंतर ती आपली राहतच नाही. मी तर आदल्या दिवशीच दुसऱ्याच्या वावरात दिवसभर वाकले होते, घरी येऊन म्हशीचं केलं होतं, पहाटे चारला उठून बायांसाठी चहाचं सामान बांधलं होतं. मला थकवा आला होता असं म्हणणंही कमी आहे. मी थकव्यातच राहत होते, त्यातच जेवत होते.

साधारण साडेदहाला पाणी प्यायला म्हणून मी बाभळीखाली गेले. आमच्या वावरात नेटवर्क फक्त तिथं लागतं. पिशवीतून मोबाईल काढला. ग्रुपवर वीस-पंचवीस शुभ सकाळ पडले होते, फुलं, देव, चहाचे कप. त्यांच्या मधोमध हवामानाचा नवा मेसेज होता. वारे वेगानं सरकत आहेत. इशारा आजचा. आज दुपारी दोन-तीननंतर आपल्या भागात वादळ, पाऊस, गारपीट. काढलेलं पीक झाका, फुटलेला कापूस ताबडतोब वेचून घ्या.

मी दोनदा वाचलं. वर पाहिलं. आभाळ निळं. पश्चिमेला, अगदी खाली, एक मळकट रेघ.

माझं अर्धं वावरही झालं नव्हतं. अकरा बाया, आणि हातात साडेतीन-चार तास. तेवढ्यात माझं होतं. माझंच होतं फक्त. आणि आज खरं म्हटलं तर गुरुवार काकूंचा. मी बाभळीला हात टेकला. नवऱ्याचं ते "तुझ्यानं होत नाही" कानात होतं. आता वाटतं, तेव्हा मी काही विचार केलाच नाही. विचार केला असता तर बरं झालं असतं. मी फक्त घाबरले होते.

तेवढ्यात धुऱ्याकडच्या ओळीतून काकूंनी हाक दिली. दहा हातांवर असतील. ओटी भरलेली, पोटुशी बाई उभी राहते तशा दोन्ही हात ओटीखाली घेऊन उभ्या.

"काय म्हणते वं तुहा मोबाईल?"

"उद्याच सांगते," मी म्हटलं. "दुपारून."

"बरं हाये मंग," त्या म्हणाल्या, आणि ओटी रिकामी करायला गोणीकडं गेल्या.

एवढंच बोलणं झालं. मोबाईल मी पिशवीत टाकला, पिशवीवर डबा ठेवला, डब्यावर शाल टाकली.

त्यानंतर मी बायांच्या अशी मागं लागले की विचारू नका. "हात चालवा वं, गप्पा कायले मारता." "तिकडचं झाड राह्यलं." "पाणी मग प्या." मी स्वतः दोन दोन ओळी धरल्या. बोटं फाटली, पदरानं पुसली, पुन्हा घातली. जेवायला आमच्याकडं तासभर बसतात. बाया भाजीची देवघेव करतात, थोड्या आडव्या होतात, त्या तासावरच पुढचा दिवस ढकलतात. मी अर्ध्या तासात सगळ्यांना उठवलं. एक जण चांगलीच चिडली. "आम्ही का बैल हाव का? बैलाले बी सावलीत बांधतेत." काकू हसून म्हणाल्या, "जाऊ दे वं, तिच्या आंगात आलं आज. चाला, उरकू द्या तिचं." आणि सगळ्यांत आधी त्या उठल्या. पासष्टीची बाई, गुडघ्यावर हात टेकत. पदर खोचला आणि माझ्या ओळीला लागली.

एक वाजता पश्चिमेची रेघ वर आली होती. दोनला अर्ध्या आभाळात होती. वारा पडला. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज एकदम जवळ यायला लागला, जामचा चौरस्ता जसा काही आमच्या धुऱ्यावर आला. बाया वर पाहायला लागल्या. कोणी म्हणालं, "हे तं आजच दिसते." मी पुढचं झाड धरलं. अडीचला आमच्या शेवटच्या ओळी संपल्या. गोण्या बैलबंडीत चढवल्या. बैल थांबेनात, शेपट्या उडवत होते. आणि मग वारा आला. धूळ, पाचोळा, पऱ्हाटीचा वाळका पाला, सगळं तोंडावर. बाया "माय वं, माय वं" करत गावाकडं पळाल्या, ज्या त्या आपापल्या घरच्या काळजीनं.

काकू पळाल्या नाहीत. त्या धुऱ्यावर उभ्या राहून आपल्या वावराकडं पाहत होत्या. पांढरं पसरलेलं होतं ते, एक बोंडही न वेचलेलं. मला वाटलं, आता ही बाई आत शिरेल आणि हातानं ओरबाडायला लागेल. मी असते तर तेच केलं असतं. पण त्या वळल्या, माझ्याकडं आल्या आणि ओरडल्या, "पाहत काय राह्यली? ताडपत्री ओढ पयले!"

ताडपत्रीचं एक टोक मी धरलं, दुसरं त्यांनी. वाऱ्यानं ती फुगत होती, हातातून सुटत होती. माझा कापूस त्यांनी झाकला. दोरी त्यांनी ओढली, गाठ त्यांनी मारली. गाठ पक्की बसली आणि पहिली गार ताडपत्रीवर टप्पकन पडली. मग आणखी. बोराएवढ्या, काही त्याहून मोठ्या. बैल मी कसेबसे सोडून बाभळीला बांधले होते, ते हंबरत होते. आम्ही दोघी बंडीखाली शिरलो, उकिडव्या बसलो. त्यांनी आपल्या पदराचा अर्धा भाग माझ्या डोक्यावर ओढला.

दहा मिनिटं गारा, मग तासभर पाऊस. बंडीखालून पलीकडचं वावर दिसत होतं. बोंडांतला कापूस आधी जड होऊन लोंबला, मग चिखलात पडायला लागला.

"माह्यं तं गेलं वं," काकू म्हणाल्या. रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पोरीच्या गादीचं गेलं."

मला तेव्हा सांगता आलं असतं. खांद्याला खांदा लागून बसलो होतो, ओरडून सांगायचीही गरज नव्हती. मी गुडघ्यात तोंड घातलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, कडक ऊन पडलं. गावात जो तो हवामानवाल्यांच्या नावानं बोटं मोडत होता. मारुतीच्या पारावर, पिठाच्या गिरणीवर, किराण्याच्या दुकानात. शुक्रवार सांगतेत अन् गुरुवारी पाडतेत. फुकटचे पगार खातेत. आमच्या आज्याले बैलाचे कान पाहून समजत होतं, हे कॉम्प्युटर घेऊन बसलेत. दुसरा मेसेज बऱ्याच जणांच्या मोबाईलवर आला असणार, पण शुभ सकाळच्या ढिगात तो कोण शोधतो? पहिला वाचला, तोच खरा. अख्ख्या गावात एकट्या मला माहीत होतं की त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. साडेदहालाच सांगितलं होतं त्यांनी, ताबडतोब वेचा म्हणून. मी गिरणीवर दळण घेऊन उभी होते आणि सगळ्यांबरोबर मान हलवत होते.

एक बाई मला लागेल असं बोललीच. "हिचं बरं झालं. गुरुवार मांगून घेतला अन् घरात भरला."

काकू तिथंच होत्या. त्यांनी तिला असं झाडलं! "तिच्यावर कायले घसरते? म्या देल्ला गुरुवार. तिनं का आभाळात जाऊन पाहिलं होतं? मोबाईल खोटा निंघाला, तिचा का दोष?"

गिरणीच्या पट्ट्यात हात गेला असता तर बरं, असं वाटलं मला.

रविवारी नवरा आला. घरात कापसाचा ढीग, छताला टेकलेला. तो त्यात हात घालून पाहत राहिला आणि म्हणाला, "जमवलंस तू. राहू दे, मक्त्याचं बोलणं नको." दिवाळीपासून मी ज्या वाक्याची वाट पाहत होते ते हे. ते ऐकून मी आत गेले आणि चुलीत नुसतीच फुंकत बसले. धूर तर धूर, डोळ्यांना काही कारण पाहिजे होतं.

काकूंनी आपला पडलेला कापूस चिखलातून वेचला. आम्हाला कोणाला बोलावलं नाही. असल्या कापसाला काय गट बोलवायचा, म्हणाल्या. एकट्या चार दिवस वाकल्या. मी दोन दिवस गेले, त्यांनी नको म्हटलं नाही. घरच्या छतावर पसरून वाळवला, काडीकचरा काढला, सरकी काढून पिंजायला समुद्रपूरला पाठवला. मी रोज माझ्या अंगणातून त्यांना छतावर पाहायचे. कापूस उलथत असायच्या. पांढरा होईल या आशेनं उन्हात ठेवायच्या. डागलेला कापूस उन्हानं पांढरा होत नाही, हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं.

लग्नाला आठ-दहा दिवस राहिले तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. विकताना मी चांगल्यातला चांगला कापूस दोन गोण्या बाजूला ठेवला होता. त्यातली एक डोक्यावर घेतली आणि त्यांच्या ओसरीवर नेऊन टाकली. काकू खोळीत गादीचा कापूस भरत बसल्या होत्या. निळ्या पट्ट्यांचं कापड फुगलेलं, आणि उघड्या तोंडातून आतला पिवळट, करडा कापूस दिसत होता.

"हे काय आणलं?"

"गादीले," मी म्हटलं. "आता बी पिंजून येईल. काढा तो, हा भरा." आणि मग एका दमात, नाहीतर जमलंच नसतं, "काकू, त्या दिवशी मोबाईलनं साडेदहालेच सांगितलं होतं. आज म्हून. म्या तुमाले खोटं सांगितलं."

त्या कापूस दाबत होत्या, दाबत राहिल्या. "मालूम हाये," म्हणाल्या.

त्यांनी आणखी एक मूठ आत कोंबली.

"जेवाची सुट्टी अर्धी केली तू त्या दिवशी. उद्या पाणी असलं तं आज कोणी बाया अशा हाकलते का? तवाच समजलं मले. दुपारीच."

म्हणजे त्या सगळं समजून उठल्या होत्या. "चाला, उरकू द्या तिचं" तेव्हाच म्हणाल्या होत्या. ताडपत्रीची गाठ सगळं समजून मारली होती. आणि गिरणीवरही.

"मंग बोलल्या काऊन नाई?" मला रडू आलं. "शिव्या द्यायच्या होत्या मले."

"काय बोलू? तोवर उशीर झालता. पश्चिमेकडून चढत होतं, मले वाटलं आता येतेच." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "गुरुवार मांगितला तं देल्ला का नाई म्या?"

"देल्ला."

"मंग हेबी मांगाचं होतं. म्या का सगळं वावर वेचाले लावलं असतं का? गादीपुरता पाहिजे होता मले. चार बाया, घंटाभर. धुरा ओलांडला की माह्यंच वावर. तुह्यं कायबी गेलं नसतं वं."

एक तास. चार बाया. जेवणाच्या सुट्टीतून मी दहा जणींचा अर्धा अर्धा तास चोरला, जवळजवळ तेवढंच. हे मला त्या दिवशी सुचलं नव्हतं. आतापर्यंतही सुचलं नव्हतं. इतके दिवस मी स्वतःला सांगत होते की एक तर माझं वाचणार होतं नाहीतर त्यांचं, आणि बाई माणूस आपलंच पाहणार. दोन्ही वाचत होतं. सांगितलं असतं तर दोन्ही वाचत होतं.

मी गोणीचं तोंड सोडायला लागले. त्यांनी हातानं थांबवलं. "ने वापस. कापूस चांगला हाये तुहा. पण तो माह्या घरचा नाई." रागावून नाही, ताटात जास्तीची पोळी नको म्हणावी तशा म्हणाल्या. "वरतून कपडा हाये. आत काय हाये ते कोणाले दिसते?" मग गादीचं तोंड माझ्याकडं सरकवलं. "शिवून दे तेवढं. मले सुईत दोरा ओवता येत नाई आता."

मी शिवलं. दोन्ही गाद्यांची तोंडं मीच शिवली, बारीक टाक्यांनी, आतला पिवळा कापूस बोटानं आत दाबत दाबत. पोरगी त्या गाद्या घेऊन सासरी गेली. सगळ्या बाया म्हणाल्या, गाद्या झकास भरल्या काकूंनी.

यंदा पुन्हा पौष आलाय. वावर माझ्याच हातात आहे. कंबरही माझीच आहे, दोन्ही तशीच. काकू गटात येतात, अजूनही सगळ्यांच्या पुढं असतात, टोमणे मारतात, संक्रांतीला तिळगूळ द्यायला माझ्याकडं आधी येतात. काही बदललं नाही, असं कोणीही म्हणेल.

परवा पुन्हा मेसेज आला, येत्या दोन दिवसांत वादळी वारे, पाऊस. आता मी मेसेज आला की लगेच मोठ्यानं वाचते, पहिल्या अक्षरापासून, तुरळक ठिकाणांसकट, आणि दर तासाला बाभळीखाली जाऊन नवा आला का पाहते. बाया कंटाळतात. "बस कर वं, सकायपासून चार खेपा झाल्या." तरी वावराच्या तोंडाशी ओट्या बांधताना बाकीच्या नऊही जणी विचारतात, काय म्हणते तुहा मोबाईल.

काकू विचारत नाहीत. त्या ओटीची गाठ मारतात, एकदा पश्चिमेकडं पाहतात, आणि आपली ओळ धरतात.